मशीन व्यवस्थित चालू आहे

इस्पितळाच्या तळमजल्यावर, सामानाच्या लिफ्टमागे, भांडीघर होतं. छताखालून जाडजूड पाइप गेलेले, खिडकी एकच आणि तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून माणसं दिसायची नाहीत, नुसते बूट आणि चपला दिसायच्या. वर वॉर्डांत कोण बरं झालं आणि कोण गेलं, हे सांगायला तिथे कुणी येत नसे. पण तिथे भांडी घासणाऱ्या काकूंना ताटांवरून पुष्कळ कळायचं. भात नुसता चिवडलेला, चमचा स्वच्छ, म्हणजे या माणसाला भरवायला कुणी नाही. वाटी चाटूनपुसून साफ, म्हणजे हा आता घरी जाणार. आणि झाकण न उघडताच परत आलेलं ताट असलं की काकू ते जरा हळूच बाजूला ठेवायच्या.

काकू इथे लागल्या यजमानांच्या जागी. यजमान याच इस्पितळात वॉर्डबॉय होते. एका सकाळी कुणाचं तरी स्ट्रेचर ढकलता ढकलता छातीवर हात ठेवून खाली बसले, ते उठलेच नाहीत. "एवढी डॉक्टरांनी भरलेली इमारत, आणि माझा भाऊ जिन्यापाशी गेला," असं वन्सं अजून म्हणायच्या. वन्सं म्हणजे काकूंची नणंद. नवऱ्यानं टाकल्यावर भावाकडे आली, आणि भाऊ गेल्यावर वहिनीकडेच राहिली. दोघींचं एका खोलीत, एका दिव्याखाली चाललेलं होतं. वन्सं दिवसभर मशीनवर लोकांचे कपडे उसवायच्या-शिवायच्या आणि तोंडानंही तेच करायच्या.

भांडी घासण्यात काकूंचा हात सासूबाईंनी घडवला होता. सासूबाई घासलेल्या ताटावरून ओला अंगठा फिरवायच्या. ताट 'कुंय' असं वाजलं तर ठीक, नाहीतर सगळा ढीग पुन्हा मोरीत. नवी नवरी असताना काकू त्या आवाजासाठी रडल्या होत्या. पुढे सासूबाई गेल्या, पण अंगठा फिरवायची सवय काकूंच्या हाताला लागली ती लागलीच.

त्या लागल्या तेव्हा भांडीघरात पाच बायका होत्या. मग मशीन आलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, मधोमध सरकता पट्टा. या बाजूनं खरकटी ताटं रॅकमध्ये उभी करून पट्ट्यावर ठेवायची, ती रबरी पडद्यांच्या आत जायची, पहिल्या खणात साबणाचं पाणी, दुसऱ्या खणात कढत पाणी, आणि त्या बाजूनं वाफाळत बाहेर यायची. हातात धरवायची नाहीत इतकी गरम. पुसावीसुद्धा लागत नसत, बघता बघता आपोआप वाळायची. पहिल्या दिवशी काकूंनी एक ताट उचललं, चटका सोसत अंगठा फिरवला. वाजलं. काकूंना हसूच आलं. सासूबाई असत्या तर त्यांनी या मशीनला सून करून घेतलं असतं.

मशीन आलं आणि तीन बायका गेल्या. उरल्या दोघी, एक काकू आणि दुसरी, जिला सगळे 'रेडिओ' म्हणायचे ती. कारण उघड होतं. पाण्याच्या आवाजातही तिचं स्टेशन बंद व्हायचं नाही. नवरा, दीर, शेजारीण, शेजारणीचा कुत्रा, सगळ्यांच्या बातम्या काकूंना रोज मिळत. काही वर्षं अशी बरी गेली.

बिघाड एका दिवसात झाला नाही. आधी पेल्यांवर पांढरट सावट दिसायला लागलं, दुधात बुडवून काढल्यासारखं. मग ताटांच्या कोपऱ्यांत भाताची शितं राहू लागली. मग एक दिवस रेडिओनं बाहेर आलेली वाटी उचलली आणि पहिल्यांदाच तिचं बोलणं मध्येच तुटलं.

"काकू, अंडं बघा. जसं आत गेलं तसं बाहेर आलं. नुसतं अंघोळ करून आलंय."

काकूंनी वाटी घेतली. पिवळा बलक तळाशी तसाच चिकटलेला, आणि वाटी नुसती कोमट. अंगठा फिरवला तर बुळबुळीत.

त्यांनी मुख्य आचाऱ्याला सांगितलं. आचारी मनानं मऊ होता, पण त्याला दुपारच्या आत शेकडो माणसांचं जेवण वर पाठवायचं असे. त्यानं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. दुरुस्तीवाला म्हणाला, "उद्या येतो." पुढच्या दिवशीही म्हणाला, "उद्या येतो." असं इतकं झालं, की स्वयंपाकघरात त्याचं नावच 'उद्या' पडलं. शेवटी तो खरंच आला तेव्हा रेडिओ दारातून ओरडली, "अहो काकू, आज उद्या आला!"

उद्या हा पन्नाशीचा, खांद्यावर हत्यारांची पिशवी, डोळ्यांखाली काळं. एकटाच माणूस, अर्ध्या शहरातली असली मशीनं त्याच्या गळ्यात. त्यानं मशीनची बाजूची झडप काढली, आत डोकं घातलं आणि बराच वेळ चाचपत राहिला.

"काय झालंय हो?" काकूंनी विचारलं.

"काय झालं नाही ते विचारा." त्यानं एक नळी बाहेर काढून दाखवली. तिला ओळीनं भोकं होती, त्यांतून पाण्याचे फवारे उडायचे. निम्मी भोकं पांढऱ्या दगडासारख्या थरानं बुजलेली. "इथलं पाणी जड. तापलं की क्षार धरतं. नळ्या बुजल्यात, ते एक होईल. पण पाणी तापवणारा हीटर निम्मा मेलाय. पाणी गरमच होत नाही, तर अंडं निघणार कसं?"

"मग दुसरा बसवा ना."

"बसवला असता. हे मॉडेल कंपनीनं बंद केलं, काकू. सुटा भाग मिळत नाही. शोधतो कुठे जुना मिळाला तर. नाहीतर साहेबांना म्हणावं, नवं मशीन घ्या."

त्या वेळचे साहेब निवृत्तीला टेकलेले होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी आपण नसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

हीटर आपल्या हातचा नव्हता, पण भोकं तर होती. काकूंनी वन्संच्या डब्यातली जाड सुई मागून घेतली. वन्संनी ती दिली, पण फुकट नाही. "आता मशीनलाही टाके घालणार का, वहिनी?" दुसऱ्या दिवशी दुपारची ताटं झाल्यावर काकूंनी आणि रेडिओनं सगळ्या नळ्या उद्यानं दाखवल्या तशा काढल्या, मोठ्या पातेल्यात व्हिनेगर ओतून त्यात भिजत घातल्या, आणि मग एकेक भोक सुईनं कोरलं. पांढरा चुरा पदरावर, नखांत, रेडिओच्या भुवयांवर. तळाच्या जाळीतून एवढी शितं निघाली, की रेडिओ म्हणाली, "यात एखादं पेशंट जेवलं असतं."

मशीन लावलं. फवाऱ्यांचा आवाजच बदलला होता. पहिली रॅक बाहेर आली आणि ताटं बऱ्यापैकी निघाली होती. वाजत नव्हती, पण शितं नव्हती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवशी काकू घरी येताना वाटेत थांबून वन्संसाठी गजऱ्याइतकी फुलं घेऊन आल्या. वन्सं म्हणाल्या, "काय, पगार वाढला की काय?" काकू म्हणाल्या, "नाही, ताटं निघाली."

आठवडा गेला आणि भोकं पुन्हा बुजली. पुन्हा सुई, पुन्हा व्हिनेगर. या वेळी चार दिवस टिकलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

हातानं धुणं सुरू झालं ते एका ताटावरून. पोटाच्या ऑपरेशनच्या वॉर्डाची गाडी भरत होती. काकूंच्या हातात एक ताट आलं, कडेला कालच्या सुपाची तेलकट कड. वरच्या माणसाचं पोट शिवलेलं, आणि त्याच्या पुढ्यात हे जायचं. काकूंनी ते ताट सिंकमध्ये घेतलं, घासलं, कढत पाणी ओतलं. मग त्याच्या शेजारचं घेतलं. मग ती सगळी गाडी. दुसऱ्या दिवशी सगळ्याच गाड्या.

रेडिओ पहिले काही दिवस बरोबरीनं घासत होती. मग तिनं घासणी खाली ठेवली.

"मी नाही करणार, काकू. मशीनचं काम मशीनला करू द्या. घाण जाऊ दे वर, बोंब होऊ दे. बोंब झाल्याशिवाय इथे कुणाचे कान उघडत नाहीत."

"आणि त्या घाणीत कुणी आजारी पडलं तर?"

"आजारीच आहेत ते. म्हणून तर इथे आलेत."

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, की रेडिओनं जीभ चावली. पण घासणी काही उचलली नाही. महिन्याभरात तिला एका शाळेत काम मिळालं आणि ती गेली. जाताना काकूंच्या गळ्यात पडून रडली, रडतानाही बोलतच होती. तिच्या जागी कुणी आलं नाही. वरून निरोप आला, मशीन असताना दोन माणसं कशाला?

तेव्हापासून भांडीघरात काकू आणि मशीन. पट्टा सुरू करायचा, कारण बंद ठेवला तर विचारणा होई. ताटं एका बाजूनं घालायची, दुसऱ्या बाजूनं काढायची आणि मग सिंकवर नेऊन ती सगळी पुन्हा धुवायची. सकाळी लवकर यायचं, संध्याकाळी शेवटी निघायचं. तासन् तास पाणी आणि साबण. हातमोजे घातले तर अंगठ्याला काही कळायचं नाही, म्हणून मोजे नाहीत. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, चिरांतून साबण आत जाई, आणि काकू दातांवर दात दाबून घासत राहत.

संध्याकाळी वन्सं त्यांचे हात मांडीवर घेऊन मलम लावायच्या. मलम हलकं, बोलणं जड.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. हे हात आहेत का किसणी?"

"होईल बरं."

"कसं होईल? तुम्ही झाकताय म्हणून ते उघडं पडत नाही. ज्याचं मोडलंय त्याला मोडल्याचं कळायला नको?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वन्सं."

"मूठ तुमची नाही, वहिनी. मूठ त्यांची. झाकताय तुम्ही."

वन्संना शाळा नव्हती, पण बोललेलं असं जागी बसायचं.

मग नवे साहेब आले. चाळिशीचे, मृदू बोलणारे, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणारे. आल्या आल्या ते एकेक विभाग स्वतः बघत फिरले. भांडीघरात आले तेव्हा काकूंनी नुकत्याच दोन गाड्या भरल्या होत्या. साहेबांनी एक ताट उचललं, उजेडाकडे धरलं, आणि, काय योग म्हणावा, त्यावरून अंगठा फिरवला. ताट वाजलं.

"वा," साहेब म्हणाले. "वर सांगत होते मशीन जुनं झालंय. हे तर व्यवस्थित चालू आहे."

"नाही, साहेब." इतके महिने ज्याची वाट पाहिली ते बोलायची वेळ आली, तर शब्द सुचेनात. "चालू नाहीये. म्हणजे फिरतंय. पण निघत नाही. मी हातानं धुते सगळी."

"सगळी?"

"सगळी."

साहेबांनी घड्याळाकडे नाही, काकूंकडेच पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "एकट्यानं एवढी ताटं हातानं धुणं शक्य आहे का, काकू? मला वाटतं तुम्हाला जुनी सवय आहे. माझी आईसुद्धा मशीनमधून काढलेली भांडी पुन्हा विसळते, तिचा विश्वासच बसत नाही. जरा मशीनवर विश्वास ठेवा. हातांना आराम द्या, बघा काय झालंय त्यांचं."

"साहेब, आत्ता चालवून दाखवते..."

पण त्यांच्याबरोबरच्या माणसानं पुढच्या विभागाची आठवण केली, आणि साहेब हसून, मान डोलावून निघून गेले. काकू धुतलेलं ताट हातात धरून उभ्या. खोटं बोलल्या असत्या तर कदाचित खरं वाटलं असतं.

त्या दिवशी वन्संनी ऐकून घेतलं, सुईतला दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "एक दिवस धुवू नका."

"असं कसं?"

"एकच दिवस. मशीनवर विश्वास ठेवा म्हणालेत ना? ठेवा."

काकू पुढचे कितीतरी दिवस ते मनात घोळवत राहिल्या. एकीकडे हात, दुसरीकडे ताटं. शेवटी एका सकाळी उजव्या हाताची मूठच वळेना. घासणी धरली की सुटायची. त्या दिवशी त्यांनी पट्टा सुरू केला, ताटं काढली आणि तशीच गाडीत भरली. मुद्दाम केलं की हात चालेना म्हणून केलं, हे त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही. दोन्ही खरं होतं.

गाड्या लिफ्टमधून वर गेल्या. काकू स्टुलावर बसून राहिल्या. आता लिफ्ट खाली येईल, आता कुणीतरी ओरडेल. नाश्त्याची ताटं परत आली. कुणी काही बोललं नाही. त्यांनी आलेली ताटं पाहिली. ज्या ताटाच्या कडेला काल रात्रीचं सूप वाळलं होतं, त्यातच आजचं अंडं खाल्लेलं होतं. खणांमधली जुनी शितं तशीच होती, त्यांच्याभोवतीचं नवं जेवण तेवढं गेलं होतं.

दुपारच्या गाड्या गेल्या. त्याही तशाच आल्या.

काकूंना कशाचं एवढं वाईट वाटतंय ते आधी कळेना. बोंब होईल याची भीती होती, ती झाली नाही. मग सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वर शेकडो माणसं घाणेरड्या ताटात मुकाट्यानं जेवली होती. वरच्यांना फरक कळला नव्हता, किंवा कळूनही, आपल्याला हेच मिळायचं, असं धरून चालले होते. मग इतके महिने त्या कुणासाठी धुत होत्या?

संध्याकाळी मात्र बोंब झाली. एका म्हाताऱ्या रुग्णाच्या मुलानं वडिलांच्या ताटाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन दाखवला. आवाज चढले. आचाऱ्याला बोलावलं, मग काकूंना.

साहेबांनी फोन काकूंच्या पुढे धरला. फोटोत ताट मोठं केलेलं होतं. काकूंनी ते लगेच ओळखलं.

"हे आज कसं झालं? त्या दिवशी मी स्वतः पाहिलं होतं, ताटं चकचकीत होती."

"ती मी धुतली होती, साहेब. आज धुतली नाहीत."

"म्हणजे? मुद्दाम?"

हात दाखवून सुटता आलं असतं. आचारी डोळ्यांनी तेच सुचवत होता. पण काकूंच्या तोंडून निघालं, "मशीन कसं आहे ते तुम्हाला कळावं म्हणून."

साहेबांनी फोन खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मला कळावं म्हणून तुम्ही रुग्णांना खरकट्या ताटांत जेवायला घातलंत?"

साहेब रागावून बोलले असते तर काकूही रागावल्या असत्या. पण तो माणूस खरं बोलत होता. रेडिओला त्यांनी जे विचारलं होतं तेच आज त्यांना कुणीतरी विचारत होतं.

पुढचे दोन-तीन दिवस त्या जिन्यात नर्सेसना गाठून विचारत राहिल्या, कुणाचं पोट बिघडलं का, कुणाला उलट्या झाल्या का. एक नर्स म्हणाली, "काकू, इथे रोजच कुणाचं तरी पोट बिघडतं." त्यातलं कुणी आपल्या ताटामुळे का, हे कळायला काही मार्ग नव्हता.

काकूंना भांडीघरातून काढलं. नोकरी गेली नाही. आचाऱ्यानं हातापाया पडून शब्द टाकला, म्हणून वॉर्डांतल्या फरशा पुसायचं काम मिळालं. आणि साहेबांनी ठरवलं, की आता भांडी नकोतच. कागदी ताटं, कागदी वाट्या, जेवलं की टाकून द्यायची. धुणं नाही, तक्रार नाही. वन्सं म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी." काकू म्हणाल्या, "नाही हो वन्सं, संन्याशानंही थोडी चोरी केली होती."

यानंतर पंधरा दिवसांनी उद्या आला. धावतपळत, घामाघूम, पिशवीत काहीतरी जड. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलात हेच मॉडेल भंगारात निघालं होतं, त्याचा हीटर जवळजवळ नवा होता. दिवसभर खपून त्यानं तो काढून आणला होता. भांडीघराला कुलूप बघून तो वॉर्डात काकूंना शोधत आला.

"आता कशाला?" काकू म्हणाल्या. "आता ताटंच नाहीत."

"अहो, बसवून तर बघू. एवढा शोधलाय."

आचाऱ्यानं किल्ली आणून दिली. उद्या मशीनच्या आत शिरला. काकू बाहेर उभ्या राहून त्याच्या हातात पाना, पकड, दिवा देत राहिल्या. त्यानं नळ्याही नव्यानं साफ केल्या, पाण्याच्या पाइपाला क्षार धरून ठेवणारा एक डबा जोडला, स्वतःच्या खिशातले पैसे घालून. मग बटण दाबलं. पाणी तापू लागलं. कोपऱ्यात धूळ खात पडलेली जुनी ताटं काकूंनी रॅकमध्ये उभी केली, त्यांवर आचाऱ्याकडचं अंडं आणि तेल मुद्दाम फासलं, आणि पट्ट्यावर ठेवली.

पडदे हलले. वाफ आली. ताटं बाहेर आली, हाताला चटका बसेल अशी. काकूंनी अंगठा फिरवला आणि ताट वाजलं. त्यांनी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सगळी वाजली.

उद्या हसला. काकूंनी त्याला इतक्या दिवसांत कधी हसताना पाहिलं नव्हतं.

काकू ते गरम ताट फडक्यात धरून साहेबांकडे गेल्या. फरशी पुसायची बादली तशीच भांडीघराच्या दारात. साहेबांनी त्यांना बसवलं, ताट हातात घेतलं, सगळं ऐकलं.

"खरंच चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण कागदी ताटांचा करार झाला, काकू. माल भरून आलाय. आणि परवा ती खोली औषधांच्या साठ्यासाठी द्यायची आहे, मशीन भंगारवाला उचलून नेणार. हे महिन्यापूर्वी झालं असतं तर."

महिन्यापूर्वीच्याही आधी कितीतरी महिने होते. पण काकूंनी ते मोजून दाखवलं नाही. त्या उठल्या. ताट साहेबांच्या टेबलावरच राहिलं.

उद्यानं सगळं ऐकून हत्यारं पिशवीत भरली. हीटर परत काढायला तो बसलाच नाही. "जाऊ दे त्याच्याबरोबर," म्हणाला. "वरातीमागून घोडं आणलं मी. चूक माझीच, एक दिवस तरी उद्याऐवजी आज यायला हवं होतं." गंमत केली, पण हसला नाही.

तिसऱ्या दिवशी चार हमाल आले आणि मशीन दारातून निघेना म्हणून त्याचे तुकडे करून घेऊन गेले. काकू तेव्हा वरच्या मजल्यावर होत्या. हातोड्यांचा आवाज जिन्यातून वर येत होता.

फरशीच्या कामात हात पाण्यात फारसे जात नाहीत, लांब दांडा असतो. दोन-अडीच महिन्यांत चिरा भरल्या. मूठ वळायला लागली. एका संध्याकाळी वन्संनी मलमाची डबी उघडली आणि पुन्हा बंद केली.

"हात बरे झाले की हो तुमचे."

"झाले खरे."

"मग तोंड का असं?"

"बरे हात घेऊन करू काय, वन्सं?"

वन्संनी कपडा पुढे ओढला आणि उसवायला घेतला. थोड्या वेळानं एक शर्ट वहिनीच्या मांडीवर टाकला. "बटणं लावा. तेवढीच मला मदत." काकूंनी बटणं लावली. वाकडी लागली. वन्संनी ती नंतर गुपचूप काढून पुन्हा लावली, आणि काकूंनीही ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

वॉर्डात काकूंची ओळख कुणालाच नव्हती. तळमजल्यावर निदान ताटं बोलायची. इथे माणसं होती, पण ती फरशी पुसणाऱ्या बाईकडे बघत नसत. जेवणाच्या वेळी कागदी ताटांच्या गाड्या येत आणि तासाभरात काळ्या पिशव्या भरून जात. कोण जेवलं आणि कोण नाही, हे त्या पिशव्यांत एकत्र होऊन जाई.

एका दुपारी काकू खिडकीकडच्या ओळीत पुसत होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी बसली होती, एका हाताला सलाइनची सुई, दुसऱ्या हातात कागदी वाटी. वाटीत गरम सूप. वाटी ओली होऊन मऊ पडली होती, आणि म्हातारीनं धरायला जावं तशी बाजू आत दबून सूप चादरीवर सांडत होतं. ती चमचा उचलायची, वाटी वाकायची, चमचा खाली ठेवायची.

काकूंनी दांडा भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले आणि वाटीखाली तळवा धरला. "घ्या आता."

म्हातारी हळूहळू प्यायली. काकूंच्या तळव्याला सूप गरम लागत होतं.

"इथे स्टीलची वाटी नाही का हो मिळत?" म्हातारीनं विचारलं.

"मिळायची, आजी."

"मग?"

दारातून नर्सनं आवाज दिला, "काकू, अहो फरशी ओली सोडून कुठे बसलात? कुणी घसरेल." काकूंनी म्हातारीचा शेवटचा घोट होईपर्यंत हात तसाच धरला. मग वाटी काळ्या पिशवीत टाकली आणि दांडा उचलला.